जलद वाट आणि फायरवॉल : पार्श्वभूमी

खानदेशातल्या एखाद्या केबलवाल्याने राऊटरओएसमध्ये (मायक्रोटिकच्या राऊटरवरच्या प्रणालीत) फास्टट्रॅकचा, म्हणजे ओळखीच्या जोडण्यांची पॅकेटे (माहितीचे छोटे तुकडे) बहुतेक तपासण्या टाळून पुढे देण्याचा, नियम चालू केला की प्रोसेसरवरचा भार उतरतो, पण सिंपल क्यूने (वेगमर्यादा घालणाऱ्या रांगेने) १० एमबीपीएसवर बांधून ठेवलेला ग्राहकही त्याबरोबर मोकळा सुटतो. हा बिघाड नव्हे; जलद वाट त्या रांगेलाही वळसा घालते. पॅकेट तपासून पुढे द्यायचे की आधी पुढे द्यायचे, हा वाद त्याहून बराच जुना आहे.

फ्रीबीएसडी या युनिक्स पठडीतल्या कार्यप्रणालीतली पहिली फास्ट फॉरवर्डिंगची सोय एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणाऱ्या पॅकेटांच्या प्रवाहातल्या पहिल्या पॅकेटला सापडलेला मार्ग लक्षात ठेवी आणि मागची पॅकेटे थेट बाहेरच्या इंटरफेसकडे देई. त्या वाटेवर आयपी ऑप्शन (पॅकेटच्या शीर्षातल्या जादा सूचना) पाहिले जात नसत आणि नियमांनुसार पॅकेटे अडवणारी फायरवॉलही आडवी येत नसे. सावद्याहून निघालेल्या केळीच्या पहिल्या ट्रकचे कागद पाहून मागचे सगळे ट्रक नाक्यावरून सोडावेत, तसा हा प्रकार होता. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेले होते, त्यामुळे कोणाला अंधारात ठेवले असे म्हणता येत नाही. तरीही वेग वाढवणाऱ्या स्विचने (ही सोय चालू-बंद करणाऱ्या सेटिंगने) तपासणीच बंद करावी, हे कोणत्याही हिशेबाने पटण्यासारखे नव्हते. २००३ मध्ये ही वाट नव्याने लिहिली गेली तेव्हा प्रवाह लक्षात ठेवणे सोडून देण्यात आले, प्रत्येक पॅकेट येताना आणि जाताना फिल्टरपुढे आणले गेले, आणि वेग साधला तो पॅकेट मधल्या रांगेत न ठेवता एकाच दमात बाहेर पाठवून. स्विचचे नाव मात्र तेच राहिले, म्हणून त्याविषयीचा कोणताही सल्ला आवृत्ती पाहिल्यावाचून निरुपयोगी ठरे. २०१६ च्या आवृत्ती ११ मध्ये तो स्विचच गेला आणि ही वाट कायमची चालू झाली. ऑप्शन असलेली किंवा त्याच यंत्रासाठी आलेली पॅकेटे तेवढी नेहमीच्या वाटेला परत जातात.

लिनक्सने २००१ च्या २.४ कर्नलपासून (कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा) कनेक्शन ट्रॅकिंग, म्हणजे प्रत्येक जोडणीची नोंद ठेवणे, आणले, तरी पॅकेट नियमांच्या साखळीतून जातच असे. २०१८ च्या ४.१६ मध्ये फ्लोटेबल (जलद वाटेवरच्या प्रवाहांची यादी) आले आणि जुना तिढा नव्या रूपात उभा राहिला. फरक इतकाच की कोणता प्रवाह जलद वाटेवर घालायचा, हे आता फायरवॉलचा नियमच ठरवतो. एकदा तिकडे गेलेला प्रवाह फॉरवर्ड साखळीत (पुढे जाणाऱ्या पॅकेटांसाठीच्या नियमांत) येत नाही, त्यामुळे मागाहून घातलेला ड्रॉप (पॅकेट टाकून देण्याचा) नियम त्याला लागत नाही; जोडणी संपवणारा फिन किंवा रीसेट संकेत आल्यावर, अथवा काही काळ पॅकेटच न आल्यास, तो पुन्हा नेहमीच्या वाटेवर येतो.