अंग बाहेर आलेल्या कोंबडीला अंधार हवा

घणसोली, दिवाळे, करावे किंवा ठाण्यातलं कोलशेत, बाळकुम. टॉवर उभे राहिले तरी इथल्या गावठाणात अजून कित्येक घरांच्या मागे खुराडं आहे. चार गावठी, एखादी कडकनाथ, हल्ली दोन-तीन गिरिराज. अशा घरात एखाद्या सकाळी कोंबडीच्या शेपटीखाली लालभडक, ओला गोळा लोंबताना दिसतो आणि लगेच दोन मतं पडतात. एक म्हणतं, आतडं बाहेर आलं, ही काही जगत नाही, दुपारी रस्सा करा. दुसरं म्हणतं, बोटाने आत ढकला, होईल बरी. पहिल्याला घाई झालेली असते आणि दुसरं अर्धंच बरोबर असतं.

तो गोळा बहुतेक वेळा आतडं नसतो. तो असतो अंडवाहिनीचा शेवटचा भाग, आणि तो प्रत्येक अंड्याच्या वेळी बाहेर येतच असतो. कोंबडीला शिटायला आणि अंडं घालायला दार एकच. जीवशास्त्रात त्याला अवस्कर म्हणतात. तरीही नुकतंच पडलेलं अंडं सहसा स्वच्छ का असतं? कारण अंडं बाहेर पडताना अंडवाहिनीचं टोक सदऱ्याची बाही उलटावी तसं उलटं होऊन दारापर्यंत येतं. त्या वेळी आतड्याचं तोंड दाबलं जाऊन मिटतं, अंडं थेट बाहेर पडतं आणि उलटलेला भाग काही क्षणांत आत ओढला जातो. हे आत ओढलं जाणं जमलं नाही, की आपण म्हणतो अंग बाहेर आलं.

म्हणजे प्रश्न दमलेल्या स्नायूंचा आहे, आणि त्यांना दमवणारं काम थोडंथोडकं नाही. बलक सुटल्यापासून अंडं पडेपर्यंत साधारण २५ तास लागतात, त्यातले जवळजवळ २० तास नुसतं कवच चढवण्यात जातात. एका कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि स्नायू आवळायलाही कॅल्शियमच लागतं. लेअर मॅशमध्ये, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, ते साडेतीन ते चार टक्के असतं. शिळ्या भातात आणि पोळीच्या तुकड्यांत ते नावालाच असतं, वर त्यांनी चरबी वाढते आणि ती आतल्या वाटेवरच दाटीवाटीने बसते. आगरी-कोळी घरांत कालवं आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या फेकल्या जातात, हे मला नेहमी खटकतं. त्या भाजून, भरड कुटून वेगळ्या वाटीत ठेवल्या तर अंड्यावरची कोंबडी गरजेपुरतं स्वतःच टिपते.

नुकतीच अंड्यावर आलेली तलंग जास्त धोक्यात असते. तिची कमरेची हाडं अजून पुरती फाकलेली नसतात आणि त्यातच दोन बलकांचं मोठं अंडं आलं तर ताण असह्य होतो. गावठी कोंबडीला निदान सुट्टी तरी मिळते. ती दहा-पंधरा अंडी घालून खुडुक होते, २१ दिवस अंडी उबवते, मग पिल्लांमागे फिरते, आणि तेवढा काळ अंडवाहिनी आकसून विसावते. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणाऱ्या संकरित लेअरमधून हा खुडुकपणा माणसाने निवड करत करत जवळजवळ काढूनच टाकला आहे.

आता अंधाराकडे येऊ, कारण खरा इलाज तिथे आहे. कोंबडीचं अंड्याचं चक्र दिवसाच्या लांबीवर चालतं, आणि ही लांबी ती फक्त डोळ्यांनी मोजत नाही. झाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवलं, की आंधळ्या बदकांची जननेंद्रियंही उजेड वाढवला की वाढतात. उजेड कवटीतून झिरपून मेंदूतल्या प्रकाशग्राही पेशींपर्यंत पोहोचतो आणि तिथून अंड्यासाठीच्या संप्रेरकांची साखळी सुरू होते. ठाण्याच्या अक्षांशावर जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, डिसेंबरातला सगळ्यात लहान सुमारे अकरा तासांचा. व्यावसायिक लेअर फार्मवर दिवे लावून तो सोळा तासांपर्यंत ताणतात. आपण फार्म चालवत नाही, पण खुराडं गल्लीतल्या एलईडीखाली असेल, किंवा येऊरसारख्या ठिकाणी बिबट्याच्या धाकाने रात्रभर दिवा जळत असेल, तर कोंबडीचा दिवस आपणही नकळत ताणलेलाच असतो.

अंग बाहेर आलेलं दिसलं, की पहिलं काम तिला बाकीच्यांपासून वेगळं करायचं. कोंबड्यांना लाल रंग दिसला की चोच मारावीशी वाटते, आणि थोड्या वेळात त्या टोचून टोचून खरोखरच आतडं बाहेर काढतात. मरणाऱ्या कोंबड्यांपैकी बऱ्याच अशाच मरतात.

मग नीट बघा. गोळा गुलाबी-लाल आणि ओला असेल तर तो जिवंत आहे. काळा पडलेला, सुकलेला, फाटलेला, वास मारणारा असेल, किंवा पावसाळ्यात माश्या बसून अळ्या झाल्या असतील, तर घरी वेळ घालवू नका. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, नाहीतर परळचं बैलघोडा हॉस्पिटल. मांजाने कापलेले पक्षी तिथेच नेतात, आणि १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच परिसरात आहे.

आत अंडं अडकलंय का, हे पोटाखाली हलक्या हाताने चाचपा. लागलं तर ओढू नका आणि फोडू तर मुळीच नका, कवचाच्या धारेने आतला पडदा चिरतो. तिचा मागचा भाग पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बुडवून धरा. बऱ्याचदा अंडं आपण होऊन सुटतं.

धुवायला एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा सपाट दीड चमचा मीठ घाला. हे प्रमाण शरीरातल्या द्रवाच्या जवळ जातं, त्यामुळे चरचरत नाही. सूज फार असेल तर त्यावर साखर भुरभुरून दहा मिनिटं थांबा. साखर उतीतलं पाणी बाहेर खेचते आणि गोळा लहान होतो. मग ती धुऊन टाका. हळद, राख, चुना हे मात्र दूर ठेवा, ओल्या नाजूक पडद्यावर त्यांची पुटं चढतात. मेडिकलमधून जेली आणाल तर ती साधी, पाण्यात विरघळणारी आणा. लिग्नोकेन किंवा तसं शेवटी ‘केन’ असलेलं बधिर करणारं औषध त्यात नको, पक्ष्यांना ते थोड्या मात्रेतही बाधू शकतं. घरातल्या दुखण्यावरच्या गोळ्यांचंही तेच. डायक्लोफेनॅकने गिधाडं संपत आली म्हणून जनावरांसाठीच्या त्याच्या उत्पादनावर २००६ मध्ये बंदी आली, हे लक्षात असू द्या.

हातमोजे घालून, जेली लावून, मधल्या भागावर सावकाश दाब देत गोळा आत जाऊ द्या आणि दोन-चार मिनिटं तसाच धरा. तो बहुधा पुन्हा बाहेर येतो. वैतागू नका, परत धुवा, परत बसवा. ढकलणाऱ्यांचा इलाज इथेच संपतो, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या अंड्याबरोबर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

कोंबडीला अशा खोलीत ठेवा जिथे दिवसाला आठ तासांपेक्षा कमी उजेड असेल, तोही मंद. असे आठवडा-दोन आठवडे. वाटेत असलेली एक-दोन अंडी तरीही येतील, कारण बलक आधीच मोठे झालेले असतात. ते दिवस जास्त जपायचे. अंधार म्हणजे कोंदटपणा मात्र नव्हे. कोंबडीच्या अंगाचं तापमान एरवीच ४१ अंशांच्या आसपास असतं, तिला घाम येत नाही, आणि मे महिन्यात नवी मुंबईच्या दमट हवेत बंद खोक्यात ती तासाभरात धापा टाकायला लागेल. खिडकीला गोणपाट लावा, पंखा चालू ठेवा. पाणी भरपूर, खाणं थोडं कमी, आणि अंडी थांबलेली असताना वरचं कॅल्शियम नको.

महिनाभरात पुन्हा तेच झालं, तर टाका घालून दार अरुंद करणं हे पशुवैद्याचं काम. अँटिबायोटिक दिलं असेल तर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे त्यांनाच विचारून घ्या. त्याच खुराड्यातल्या बाकीच्या तलंगाही त्याच दिव्याखाली झोपतात आणि तोच भात खातात. दिवा आजच काढा, आणि लेअर मॅशची पिशवी आणून ठेवा.