टाकीतली अंडी कोणाची?

“काकाजी, आमच्या मासोळीनं अंडे देल्ले!” दिवाळीच्या सुटीत शेजारचा पोरगा धावत आला. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीजवळचं, तलावांच्या मुलखातलं. इथं मासोळीचं नवल कोणाला नाही, पण काचेच्या टाकीतल्या मासोळीचं आहे. जाऊन पाहिलं. टाकीत चार गप्पी आणि काचेला चिकटलेला पारदर्शक जेलीचा गोळा, आत बारीक ठिपके. ती अंडी गोगलगायीची होती. गप्पी, मॉली, प्लॅटी अंडी घालतच नाहीत, थेट जिवंत पिल्लं देतात. गोगलगाय मात्र विकतच्या पाणवनस्पतीला चिकटून बिनबोलावता घरात शिरते.

पोरगा हिरमुसला. मग तलावातून रोहूची बोटुकली आणतो म्हणाला. तेही जमणार नव्हतं. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. 1957 साली ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी मेंदूखालच्या पियुष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन माशांना देऊन ही अडचण सोडवली, तेव्हा कुठं मत्स्यबीज हवं तेव्हा मिळू लागलं. शेवटी पोरानं गोल्डफिश आणले आणि फाल्गुनात खरोखरच अंडी दिसली.

अंडं कोणाचं, हे बरेचदा जागाच सांगते. गोल्डफिशची अंडी खसखशीहून जराशी मोठी, चिकट, पानापानावर विखुरलेली. एंजलफिश उभ्या पानावर किंवा काचेवर ओळीनं अंडी मांडते आणि नर-मादी दोघं पंखांनी वारा घालत राखण करतात. पाण्यावर बुडबुड्यांचा फेस तरंगत असेल, तर ते फायटर नावाच्या मासोळीच्या नराचं घरटं. अंडी घालून झाली की तिथं मादीलाही थारा नाही. झेब्राफिशची अंडी चिकटत नाहीत, तळाशी जाऊन पडतात.

गोल्डफिशला मात्र अपत्यप्रेम शून्य, स्वतःचीच अंडी गट्ट करतो. म्हणून अंड्यांसकट ती वनस्पती उचलून टबात ठेवली, पाणी त्याच टाकीतलं घेतलं आणि एअरपंप अगदी मंद सोडला. दुसऱ्या दिवशी काही अंडी पांढरी पडली. पोराला वाटलं, हीच आता फुटणार. उलट आहे: पांढरं अंडं म्हणजे मेलेलं किंवा फळलंच नाही असं. आतली प्रथिनं गोठतात, वर कापसासारखी बुरशी धरते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यावर पसरते. अशी अंडी ड्रॉपरनं लगेच काढावीत. जिवंत अंडं काचेसारखं स्वच्छ राहतं; भिंगातून पाहिलं तर आत डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसतात.

आपल्याकडचा खरा वैरी ऊन. पाणी फार तापलं की भ्रूण मरतात. टबाला ओलं फडकं गुंडाळून वर पंखा लावला. माठ थंड होतो तसंच हे. हवा कोरडी असते तोवर उपाय चालतो, पावसाळ्यात नाही.

कोमट पाण्यात दोन-तीन दिवसांत पिल्लं निघतात आणि सुईच्या टोकाएवढी काचेला लटकून राहतात. त्यांना लगेच खाऊ घालू नये. पोटाशी बलकाची पिशवी असते, दोनेक दिवस तीच पुरते. पोहायला लागली की सूक्ष्मजीव हवेत. धानाची मूठभर तणीस उकळून त्याच पाण्यात ठेवावी, निवल्यावर तलावाचं थोडं पाणी घालावं; काही दिवसांत पाणी सूक्ष्मजीवांनी गढूळतं. ते थेंब-थेंब टबात सोडावं. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळूनही चालतो, पण चिमूटभर जास्त झाला तरी पाणी नासतं.

आणि पिल्लं मोठ्या मासोळीच्या तोंडात मावेनाशी झाली, की मगच त्यांची आईबापांशी गाठ घालून द्यावी.