रिस्टोसेटिन: बाद झालेलं प्रतिजैविक, कामाला आलेली तपासणी

रिस्टोसेटिन हे औषध आज कोणत्याही दुकानात मिळणार नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत ते आलं. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंवर ते लागू पडत होतं, पण काही रुग्णांच्या रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी, झपाट्याने घटू लागल्या. डोस जितका जास्त, तितकी घट जास्त. शेवटी औषध बंद झालं. त्याच घराण्यातलं व्हँकोमायसिन टिकलं आणि आजही वापरात आहे.

औषध बंद झाल्यावरही एक प्रश्न उरला होता: या प्लेटलेट्स जात कुठे होत्या? मेलबर्नमध्ये मार्गारेट हॉवर्ड आणि बॅरी फर्किन या संशोधकांनी तो परीक्षानळीत तपासला. प्लेटलेट्स तरंगत असलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, गढूळ दिसतो. निरोगी माणसाच्या अशा प्लाझ्मात रिस्टोसेटिन घातलं, की प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि प्लाझ्मा निवळत जातो. त्यातून किती प्रकाश आरपार जातो, हे यंत्राने मोजता येतं. एवढ्यावर थांबले असते तर एका दुष्परिणामाचं कारण कळलं असतं, इतकंच. पण त्यांनी फॉन विलेब्रँड आजाराच्या, म्हणजे ज्यात रक्त लवकर थांबत नाही अशा आनुवंशिक आजाराच्या, रुग्णांचं रक्तही घेतलं, आणि त्यांतल्या काहींच्या नळीत काहीच घडलं नाही. प्लाझ्मा गढूळच राहिला. हे निरीक्षण १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्यातूनच या आजाराची तपासणी घडली. माझ्या मते या सगळ्या हकिकतीतला मोलाचा क्षण हाच: औषधाने ज्यांना अपाय केला त्यांच्यापेक्षा, ज्यांच्या रक्ताने त्याला दादच दिली नाही ते जास्त शिकवून गेले.

या आजाराचं पहिलं वर्णन फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये केलं. ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातली पाच वर्षांची मुलगी त्यांच्याकडे आली होती. तिच्या बहिणी लहानपणीच रक्तस्रावाने दगावल्या होत्या. ती स्वतः तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीतल्या रक्तस्रावाने गेली.

या रुग्णांमध्ये उणीव असते ती फॉन विलेब्रँड घटक या लांबलचक प्रथिनाची. कुणात ते कमी असतं, कुणात सदोष. एरवी ते गुंडाळलेल्या दोऱ्यासारखं रक्तातून फिरत असतं. रक्तवाहिनीला जखम झाली की ते तिथे चिकटतं, वेगाने वाहणाऱ्या रक्ताच्या ताणाने उलगडतं आणि प्लेटलेट्सना धरण्याची आपली जागा उघडी करतं. परीक्षानळीत असा प्रवाह नसतो. तिथे रिस्टोसेटिन या प्रथिनाला बिलगून त्याची प्लेटलेट्सशी गाठ घालून देतं. प्रथिनच नसेल, तर गाठ पडणार कशी? या आजाराच्या २बी प्रकारात तर उलटं होतं. प्रथिन इतकं उतावीळ असतं, की अगदी थोड्या रिस्टोसेटिननेही पुंजके होतात. या रुग्णांना डेस्मोप्रेसिन हे नेहमीचं औषध दिलं तर प्लेटलेट्स आणखी घटू शकतात, म्हणून प्रकार ओळखणं महत्त्वाचं.

हा सर्वाधिक आढळणारा आनुवंशिक रक्तस्रावाचा आजार आहे, आणि हिमोफिलिया हा रक्तस्रावाचा दुसरा आजार जसा प्रामुख्याने पुरुषांत दिसतो, तसं याचं नाही. वारंवार घोळणा फुटतो, दात काढल्यावर रक्त थांबत नाही, पाळीत खूप अंगावर जातं. ‘आमच्याकडे सगळ्यांनाच असं होतं’ हे वाक्य घराघरांत धीर देण्यासाठी म्हटलं जातं. खरं तर तोच डॉक्टरांना आवर्जून सांगण्याचा इतिहास आहे. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेत राहणाऱ्या बाईच्या रक्तस्रावाचं मूळ कुणी शोधत नाही, याची मला मनापासून चीड येते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत अशा आजारांचं निदान आणि संशोधन चालतं.

रिस्टोसेटिनची तपासणीही निर्दोष नाही. एकाच रक्ताचे आकडे दोन वेळा वेगळे येऊ शकतात. शिवाय काही लोकांच्या प्रथिनात रिस्टोसेटिन जिथे बसतं, नेमका तिथेच एक जनुकीय फरक असतो. अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत तो बराच आढळतो. त्यांचं रक्त व्यवस्थित थांबतं, तरी तपासणीचा आकडा कमी येतो आणि धडधाकट माणसावर आजाराचा शिक्का बसू शकतो. म्हणून २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी नव्या चाचण्यांना पसंती दिली. त्यांतल्या एकीत प्लेटलेटवरचा ग्राहक (हे प्रथिन जिथे चिकटतं तो भाग) प्रथिनाला आपणहून चिकटेल असा बदलून वापरतात, आणि तिला रिस्टोसेटिन लागतच नाही.