कोयना हादरली की चिपळूणला किती वेळ मिळतो?

कोयनानगर ते चिपळूण हे अंतर सरळ रेषेत तीस किलोमीटरच्या आतबाहेर. तिथे भूकंप झाला की दोन प्रकारच्या लहरी एकदमच निघतात, पण पोचतात मागेपुढे. पहिली खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते. तिने भांडी किणकिणतात, फारसं काही पडत नाही. दुसरी साडेतीन किलोमीटरच्या वेगाने येते आणि जमीन आडवी हलवते. भिंती पाडते ती हीच. हिशेब मांडला तर दोघींमध्ये चिपळूणला तीन-चार सेकंद मिळतात, रत्नागिरीला सात-आठ. ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप तर पहाटे, सगळे साखरझोपेत असताना झाला. एवढ्या वेळात माणूस अंथरुणात उठून बसतो, फार तर. त्यामुळे तयारी दिवसाउजेडी, निवांतपणी करून ठेवायची असते.

आपलं जांभ्याचं घर दणकट वाटतं, आणि वरून येणाऱ्या भाराला ते दणकट असतंच. पण जमीन बाजूला सरकली की भिंत जागेवरच राहू पाहते. ती जितकी जड, तितका तिच्यावरचा जोर मोठा. मातीत रचलेले चिरे हा ताण सोसत नाहीत. तडे जातात ते कोपऱ्यांत आणि दार-खिडक्यांच्या कडांना. कौलांखालची त्रिकोणी भिंत वर कशालाच बांधलेली नसेल, तर ती लवकर ढासळते. नवं घर बांधणार असाल तर गवंड्याला आधीच सांगा: लिंटल, म्हणजे दार-खिडकीवरची आडवी तुळई, दारापुरती तुटक नको, सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा हवा. मग चारही भिंती एकमेकींना धरून हलतात. घरावरच्या खर्चात मला हा खर्च सर्वांत मोलाचा वाटतो.

जुनं घर पाडून बांधणं सगळ्यांना परवडत नाही. पण आजी-आजोबांची खाट त्या त्रिकोणी भिंतीखालून हलवायला पैसे लागत नाहीत. माळ्यावरचे नारळ, लाकडं, पितळेची पातेली खाली आणा, निदान झोपायच्या जागेवरून तरी. कपाट भिंतीला पट्टीने आवळा. बाहेर पळताना पागोळ्या पडतात त्या रेषेत थांबू नका, कौलं तिथेच घसरून येतात. गडग्याला, म्हणजे दगड रचलेल्या कुंपणालाही टेकू नका. स्लॅबच्या इमारतीत असाल तर जिन्याकडे धावू नका. भक्कम टेबलाखाली शिरा आणि त्याचा पाय घट्ट धरा. हादरे थांबले की सिलिंडर आणि मेन स्विच बंद. बॅटरी, औषधं, कागदपत्रं एका पिशवीत असावीत, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे.

समुद्राचं गणित वेगळं. नोव्हेंबर १९४५ मध्ये आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला, त्याच्या सुनामी लाटा मुंबईला काही तासांनी पोचल्या. इतक्या दूरचा धक्का आपल्याला जाणवेलच असं नाही. इशारा येईल तो हैदराबादच्या पूर्वसूचना केंद्राकडून, प्रशासनामार्फत. मात्र किनाऱ्यावर उभं राहणं कठीण व्हावं असा लांबलेला हादरा बसला, किंवा पाणी एकाएकी आत ओढलं गेलं, तर इशाऱ्याची वाट न पाहता पाखाडीच्या पायऱ्या चढून उंचावर जायला लागा. वरच्या वाडीत कुणाच्या अंगणात जमायचं आणि चालता न येणाऱ्यांना कुणी उचलायचं, हे शेजाऱ्यांशी आजच बोलून ठेवा.