प्लास्टिकमधील संप्रेरकबाधक रसायने व मुलग्यांचे प्रजनन आरोग्य

प्लास्टिक मऊ किंवा कडक करण्यासाठी वापरलेली काही रसायने शरीरात जाऊन संप्रेरकांच्या (हॉर्मोन्सच्या) कामात ढवळाढवळ करतात. मुलग्यांच्या बाबतीत दोन गट महत्त्वाचे आहेत: पीव्हीसी लवचिक करणारे थॅलेट (डीईएचपी, डीबीपी इ.) आणि पॉलिकार्बोनेटमध्ये व हवाबंद डब्यांच्या आतल्या इपॉक्सी थरात असणारे बिसफेनॉल, मुख्यतः बीपीए (बिसफेनॉल-ए). मऊ पीव्हीसीच्या वजनात थॅलेटचा वाटा ३०-४० टक्क्यांपर्यंत असू शकतो. ते प्लास्टिकच्या रेणूंशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते, नुसते अडकून बसलेले असते. उष्णता किंवा तेल मिळाले की झिरपते.

नागपुरात दोन्ही मिळतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पाण्याच्या २० लिटरच्या कॅन टेम्पोत तापत उभ्या असतात. कॅन उलटी करून तळाचा त्रिकोण पाहावा: १ म्हणजे पेट, ७ असेल तर पॉलिकार्बोनेट असण्याची शक्यता. (पेटच्या पूर्ण नावात ‘टेरेथॅलेट’ येते म्हणून अनेक जण घाबरतात, ते रसायन वेगळे, मऊपणासाठी घालतात ते थॅलेट नव्हे.) सावजी रस्स्यावर तेलाचा तवंग असतो, पार्सल मात्र गरमागरम पातळ पिशवीत गाठ मारून येते. शुद्ध पॉलिथिनला थॅलेट लागत नाही. पण पुनर्वापरातल्या प्लास्टिकची, वर शाईने छापलेली पिशवी असली तर तिच्यात काय आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसते. थॅलेट पाण्यापेक्षा तेलात कितीतरी सहज उतरते. रस्सा आणि तर्री आणायला घरून स्टीलचा डबा न्यावा.

खरा नाजूक काळ मुलगा जन्मण्याआधीचा आहे. गर्भाच्या साधारण ८ ते १४ आठवड्यांत वृषणातील लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात आणि त्यावर पुरुष जननेंद्रियांची घडण ठरते. थॅलेट हेच उत्पादन कमी करतात, हे उंदरांवरील प्रयोगांत स्पष्ट दिसले आहे. याच पेशींचे आयएनएसएल-३ हे संप्रेरक वृषण खाली उतरायला मदत करते, तेही घटते. माणसांत अमेरिकी संशोधक शॅना स्वॅन यांच्या गटाने २००५ मध्ये ८५ मुलगे तपासले. आईच्या गरोदरपणीच्या लघवीत थॅलेटचे अवशेष जास्त असलेल्या मुलांचे गुदद्वार ते जननेंद्रिय हे अंतर तुलनेने कमी भरले. गर्भात टेस्टोस्टेरॉन कमी पडल्याची ती खूण मानतात. हा संबंध आहे, थेट कारणाचा पुरावा नव्हे. एखाद्या मुलाच्या दोषाचे खापर एका डब्यावर फोडता येत नाही, आईवर तर मुळीच नाही.

बीपीए काही तासांत आणि बहुतेक थॅलेट एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. त्यामुळे सवय बदलली की शरीरातले प्रमाण लगेच उतरते. रोजचा वापर चालू असला तर मात्र ते कधीच शून्यावर येत नाही. भारतीय मानक आयएस १४६२५ नुसार बाळाच्या दुधाच्या बाटलीत बीपीए चालत नाही. पण ‘बीपीए-फ्री’ लिहिलेल्या वस्तूत त्याच गटातले बीपीएस (बिसफेनॉल-एस) असू शकते आणि त्याचे वागणे फारसे निराळे नाही. बाटलीत उकळते पाणी ओतून दूध पावडर कालवण्याऐवजी स्टीलच्या भांड्यात कालवून, कोमट झाल्यावर भरावे. ओरखडे पडलेली बाटली टाकून द्यावी. गरोदर बाईने प्लास्टिकच्या डब्यात भाजी गरम करू नये. दुकानाच्या गुळगुळीत थर्मल पावत्यांवरही बीपीए किंवा बीपीएस असू शकते; त्या हाताळल्यावर, विशेषतः हाताला क्रीम किंवा सॅनिटायझर असताना, हात धुवावेत.

पालकांनी पाहण्याची गोष्ट साधी आहे, तरी ती राहून जाते. बाळाला कोमट पाण्याने आंघोळ घातल्यावर, हात गरम असताना, अंडकोशात दोन्ही गोट्या (वृषण) हाताला लागतात का ते बघावे. थंडीत त्या वर ओढल्या जातात आणि उगाच भीती वाटते. पूर्ण दिवसांच्या २ ते ४ टक्के मुलांत जन्मतः एक तरी गोटी उतरलेली नसते. बऱ्याच जणांची पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरते. ६ महिन्यांनंतरही उतरली नाही तर बालशल्यचिकित्सकाला दाखवावे. शस्त्रक्रिया साधारण दीड वर्षाच्या आत होणे चांगले, कारण पोटातल्या उष्णतेने शुक्रजनक पेशी कमी होत जातात. ‘मोठा झाला की उतरेल’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला इथे महागात पडतो. लघवीचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल, तर सुंता करू नये: दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत तीच कातडी लागते.