खाऱ्या हवेवर उगाच आळ

मालवण-वेंगुर्ल्याकडे काहीही बिघडलं की आरोपी ठरलेला असतो: खारी हवा. छपराचे पत्रे, गेटच्या कड्या, सायकलची चेन यांच्या बाबतीत आरोप शाबीतही होतो. पण बंदराजवळच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात अलीकडे एक फोन बघितला. फोन कोकम सरबताच्या गाडीवरचा. दिवसभर उन्हात, ब्राइटनेस पूर्ण, पडद्यावर पैसे घ्यायचा क्यूआर कोड. आता कुठलंही पांढरं पान उघडलं की त्यावर त्या कोडचं भूत दिसत होतं, तेही उलटं: जिथे काळे चौकोन असायचे ती जागा लख्ख पांढरी आणि बाकीची पिवळट. "खारी हवा आत गेली," दुरुस्तीवाल्यानं निकाल दिला. हवेला क्यूआर कोड वाचता येतो हे मला ठाऊक नव्हतं!

हा ओलेड पडदा. याच्या मागे वेगळा दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि काळा म्हणजे चक्क बंद. बंद राहिलेले ठिपके ताजे राहिले, जळत राहिलेले झिजले. त्यात निळे सर्वांत आधी, म्हणून तो पिवळटपणा.

ओलाव्याला अगदी निर्दोष सोडता येणार नाही. या पडद्यात वाफ शिरली तर काळे डाग पडतात आणि पसरत जातात. म्हणूनच कारखान्यात तो असा बंद करतात, की एका चौरस मीटरमधून दिवसाला ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतकीही वाफ आत जाऊ नये. काच तडकली तर गोष्ट वेगळी. तोवर आषाढातली हवासुद्धा बाहेरच.

मग झीज कशाची? इथून पुढे मला राहवत नाही.

प्रकाश देणारा थर कार्बनी रेणूंचा असतो. सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. एका बाजूनं इलेक्ट्रॉन येतात, दुसरीकडून 'होल', म्हणजे इलेक्ट्रॉन नसलेली, धन भारासारखी वागणारी जागा. दोघांची एका रेणूवर गाठ पडली की तो उत्तेजित होतो. ही अवस्था म्हणजे एक्झिटॉन; ती शमताना प्रकाश निघतो.

पण गाठ पडायची तर तिथवर पोचायला हवं. सिलिकॉनच्या स्फटिकातून इलेक्ट्रॉन साकवावरून चालत गेल्यासारखा जातो; इथे व्हाळातल्या वेड्यावाकड्या धोंड्यांवरून उड्या मारत जायचं. वेग लाखो पटींनी कमी. शिवाय होल सहसा इलेक्ट्रॉनपेक्षा चपळ. 1987 साली कोडॅकमध्ये चिंग तांग आणि स्टीव्हन व्हान स्लाइक यांनी दोन थरांचा ओलेड बनवून दहा व्होल्टच्या आत चांगला उजेड पाडला. त्यात प्रकाश देणारं संयुग होतं ॲल्युमिनियमचं, अल्क्यू-थ्री. ते टिकत का नाही, याचं उत्तर 1999 मध्ये झेरॉक्सच्या कॅनडातल्या संशोधकांनी दिलं: जास्तीचे होल अल्क्यू-थ्रीच्या थरात घुसतात आणि होल स्वीकारलेला हा रेणू अस्थिर असतो. म्हणजे वहनातला असमतोल हेच झिजेचं मूळ. वाहकता आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे प्रश्न नव्हेतच.

निळ्यात हे आणखी बिकट होतं. दोन्ही भारांचा वेग जुळला नाही की गाठी काही नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातच पडतात आणि तिथे गर्दी होते. निळ्या एक्झिटॉनकडे सुमारे पावणेतीन इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते. या रेणूंमधले काही कच्चे बंध तीनच्या आसपास तुटतात. एकट्यानं निभून जातं. पण दोन एक्झिटॉन भिडले, किंवा एकानं आपली ऊर्जा शेजारच्या भारित रेणूला दिली, की ती एकाच जागी साठते आणि बंध तुटतो. तांबड्याकडे दोनच्या आसपासच ऊर्जा, त्यामुळे धोका कमी. तुटलेले तुकडे पुढच्या भारांना अडकवतात, नव्या एक्झिटॉनचा प्रकाश गिळतात. मग तेवढ्याच उजेडासाठी अधिक व्होल्टेज लागतं.

उपाय वाट सुकर करण्याचा. जर्मनीत ड्रेस्डेनला कार्ल लिओ यांच्या गटानं भार वाहून नेणाऱ्या थरांत इलेक्ट्रॉन ओढून घेणारा रेणू अल्प प्रमाणात मिसळला. प्रत्येक मिसळलेला रेणू शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन घेतो, तिथे होल उरतो आणि वाहकता हजारो पटींनी वाढते. इलेक्ट्रॉनच्या बाजूला लिथियम, सीझियमसारखे देणारे धातू. हे मिश्रण प्रकाश देणाऱ्या थरात मात्र नको, तिथे ते उजेडच मारतं. त्या थरासाठी 2014 मध्ये मिशिगन विद्यापीठात स्टीफन फॉरेस्ट यांच्या गटानं दुसरी युक्ती केली: निळ्या रेणूंचं प्रमाण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उतरतं ठेवलं. गाठीभेटींचा पट्टा रुंदावला, गर्दी ओसरली, आयुष्य दहापट झालं.

भूत घालवणारी ॲप मिळतात. ती भराभर रंग बदलून ताज्या ठिपक्यांनाही झिजवतात, म्हणून डाग पुसट वाटतो. तुटलेला बंध कुठलंही ॲप जोडत नाही. फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवणाऱ्यांना तर माझा कोपरापासून नमस्कार.

प्रखरता दुप्पट केली की आयुष्य निम्म्याहूनही कमी होतं. म्हणूनच ओलेड फोनचा पडदा चांगल्या भिंगाखाली धरला, तर बहुतेकांत निळे ठिपके हिरव्यांपेक्षा मोठे दिसतात: तेवढाच उजेड अधिक जागेत वाटला, की प्रत्येक रेणूच्या वाट्याला प्रवाह कमी येतो.