कंबरेतला मार डोक्यापर्यंत कसा पोचतो?

एप्रिल-मे उजाडला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या स्थानिक पानांवर एक बातमी ठरलेली: आंबे काढताना कलमावरून पडून गडी जखमी. पुढे पावसाच्या तोंडावर पोफळींवर बोर्डो हे बुरशीनाशक मारताना कुणीतरी पडतो. डोक्याला मार नसला तर गावात लगेच ऐकू येतं, ‘डोक्याक काय लागूक नाय मां? मग वाचलो तो.’ मणका मोडला, पाय गेले, पण डोकं शाबूत आहे, एवढ्यावर घरचे धीर धरतात. काही महिन्यांनी तोच माणूस ताट बाजूला सारतो, पडवीत भेटायला आलेल्यांशी बोलत नाही, टीव्हीवरची मॅचसुद्धा बंद करायला लावतो. त्यावर शेजारीपाजारी म्हणतात, ‘साहजिकच आहे, पायच गेले तर दुसरं काय होणार?’

हे ‘साहजिक’ मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार मज्जारज्जूला, म्हणजे मणक्यांतून जाणाऱ्या चेतांच्या दोराला, इजा झालेल्यांपैकी २० ते ३० टक्के लोकांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं दिसतात. प्रमाण मोठं आहेच, पण दहातले सात-आठ जण त्या खड्ड्यात पडत नाहीत हेही त्यातच आलं. दुःख सगळ्यांना होतं. नैराश्य हा आजार काहींनाच होतो, आणि त्याचा एक धागा थेट जखमेतून मेंदूत जातो.

शाळेत आपण मेंदू आणि मज्जारज्जू वेगवेगळ्या रंगांत रंगवतो. प्रत्यक्षात ही एकच सलग रचना आहे. दोन्हींभोवती तोच द्रव खेळतो, दोन्हींत त्याच जातीच्या पेशी असतात. त्यातल्या मायक्रोग्लिया या माझ्या सगळ्यात आवडत्या. १९१९ मध्ये पिओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने त्या वेगळ्या ओळखल्या. चेतापेशींच्या गर्दीत राहूनही या चेतापेशी नव्हेत, त्या रोगप्रतिकार यंत्रणेच्या पेशी आहेत. बराच काळ त्या स्वस्थ बसून असतात असा समज होता. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत डोकावल्यावर दिसलं की त्यांचे बारीक फाटे सतत हलत असतात, आजूबाजूचा कोपरान्‌कोपरा चाचपत असतात. कुठे इजा दिसली की फाटे आखडतात, पेशी गोळा होते आणि सायटोकाइन नावाची दाहक रसायनं सोडते. बागेतला गुरखा वांदर दिसल्यावर डबा बडवतो, तसंच हे. अडचण होते ती वांदर निघून गेल्यावरही तो महिनोन्‌महिने बडवतच राहिला तर.

आता प्रश्न असा की मार बसला छातीच्या किंवा कंबरेच्या मणक्याला, मग हातभर वर बसलेल्या मायक्रोग्लियांना कळतं कसं? २००७ मध्ये येल विद्यापीठाच्या गटाने उंदरांवर एक मार्ग दाखवला. इजा झालेल्या मज्जारज्जूतल्या चेतापेशी सीसीएल२१ हे रसायन जास्त बनवायला लागतात. वेदनेचा संदेश वर नेणारे जे लांब तंतू, त्यांच्या आतूनच ते वाहत मेंदूतल्या थॅलॅमसपर्यंत जातं आणि तिथल्या मायक्रोग्लियांना उठवतं. २०१४ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढचं पाहिलं. फक्त मज्जारज्जूला इजा केलेल्या उंदरांत कित्येक आठवड्यांनंतरही मेंदूच्या बाह्यपटलात आणि हिप्पोकॅम्पसमध्ये दाह चालू होता, चेतापेशी कमी झाल्या होत्या. हिप्पोकॅम्पस म्हणजे स्मरण आणि भावना दोन्हींशी जोडलेला भाग. या उंदरांची आठवण कच्ची पडली होतीच, शिवाय त्यांना साखरपाणीही नकोसं झालं होतं. पिंजऱ्यात दोन बाटल्या टांगतात, एक साध्या पाण्याची, एक साखरेच्या. धडधाकट उंदीर गोडाकडेच वळतो. इजा झालेल्याला दोन्ही सारख्याच.

दाहाने मन का विझावं? ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलेलं रसायन बनतं. दाहक सायटोकाइन वाढले की आयडीओ नावाचं विकर (एन्झाइम) जोर धरतं आणि ट्रिप्टोफॅन कायन्युरेनिनच्या वाटेला लागतं. मायक्रोग्लिया त्यातून पुढे क्विनोलिनिक आम्ल करतात. ते चेतापेशींवरच्या एनएमडीए नावाच्या ग्राहकांना, म्हणजे संदेश झेलणाऱ्या रेणूंना (रिसेप्टर), नको इतकं चेतवतं. वाचताना दमलात तर एवढंच धरा: दाह वाढला की मेंदूचा कच्चा माल भलतीकडे जातो. माणसांतही याची खूण आहे. हिपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉन, म्हणजे एक सायटोकाइनच, टोचून घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांना औषध चालू असताना नैराश्य आलं.

अर्थात उंदीर कर्ज काढत नाही. माणसाच्या नैराश्यात वेदना असते, लघवीची नळी असते, बेडसोअर असतात, बुडालेली मजुरी असते. सगळं मायक्रोग्लियांच्या माथी मारणं हाही उतावीळपणाच. पण देवचाराचा, म्हणजे गावाच्या राखणदाराचा, नारळ चुकला म्हणून माणूस गप्प झाला, असं म्हणत गाऱ्हाणी घालत बसण्यात जे महिने जातात, ते परत मिळत नाहीत. दुसऱ्या टोकाला ‘स्टेम सेलने पाय आणि मन दोन्ही बरं’ अशा जाहिराती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांसारखे मोजके अपवाद वगळता स्टेम सेलचा वापर रीतसर चाचणीबाहेर करता येत नाही. त्यासाठी बाग गहाण टाकू नये.

औषधांचं काय? २०१५ मध्ये अमेरिकेत मज्जारज्जूच्या रुग्णांवर व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्या औषधाची चाचणी झाली. नैराश्याच्या एका नेहमीच्या मोजपट्टीवर फरक ठळक दिसला नाही. नैराश्याच्या गाभ्याची लक्षणं तेवढी वेगळी मोजली, तेव्हा मात्र दिसला. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण झोप उडणं, वजन उतरणं, थकवा हे सगळं मुळात मणक्याच्या इजेनेही होतं. ते मोजून मनाचा अंदाज नीट लागत नाही. ‘कशात गोडी वाटते का?’ हे विचारून लागतो. फिजिओथेरपीच्या फेरीत पाय किती हलले, नळी कधी बदलली याची विचारपूस होते, हा प्रश्न राहून जातो. दोन आठवडे सलग उत्तर ‘नाही’ आलं तर डॉक्टरांना सांगावं. मरणाची भाषा आली तर दोन आठवडेही थांबू नये. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि तो घरातल्या कुणीही लावला तरी चालतो.